ओसरीवरून : सांचलेलें शिसें

मागील अंकांत उन्हाळ्यांतील पिण्याच्या पाण्याविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एका वाचक भगिनीचें पत्र निराळेंच आहे. मुलुंडला एका सभागृहांत ‘शरीरशुद्धि’ या विषयावर व्याख्यान झालें. वक्त्यांनीं सांगितलें कीं, आजच्या प्रत्येक मनुष्याच्या देहांत शिसें, पारा, सोमल असे विषारी धातु सांचलेले आहेत, आणि रोज दहा थेंब पाण्यांतून घेतले व रात्रीं तळपायांस एक पट्टी चिकटविली म्हणजे ते तीन महिन्यांत निघून जातात. सकाळीं पट्टी काळी पडते, तेंच तें विष, असें म्हणून त्यांनीं एक काळी पट्टी सभेंत फिरविलीहि. पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या सुनेला पांचवा महिना चालू आहे. तिला हा उपचार द्यावा कीं नाहीं, असें त्या विचारतात.

देऊं नये, हें उत्तर आम्ही प्रथमच सांगून टाकतों. कारण अशा प्रश्नाच्या उत्तरासाठीं सासूबाईंनीं लेखाच्या शेवटापर्यंत ताटकळत बसावें हें योग्य नाहीं. व्याख्यात्यांचें पहिलें अर्धें म्हणणें मात्र सर्वस्वीं खोटें नाहीं. कांहीं धातु शरीरांत खरोखरच सांचतात, आणि त्यांपैकीं आपल्या घरादाराशीं सर्वांत जवळचा संबंध शिशाचा आहे. म्हणून ह्या महिन्यांत शिशाचेंच बोलावें असें आम्हीं ठरविलें. आम्ही वैद्य नव्हों, डॉक्टरहि नव्हों. आयुष्यभर संस्कृत शिकविलेले एक जुने मास्तर आहों. पण जें छापून प्रसिद्ध झालें आहे तें नीट वाचावें, एकमेकांशीं ताडून पाहावें आणि समजेल अशा भाषेंत सांगावें, एवढें काम मास्तराला करतां येतें.

शिशाला आपल्या शरीरांत कांहींएक काम नाहीं. लोह रक्तास लागतें, तांबें आणि जस्त अल्प प्रमाणांत लागतें. शिशाचा एक कणहि लागत नाहीं. तरी तें आंत शिरतें, कारण शरीराला तें कॅल्शियमसारखें भासतें. जीं दारें कॅल्शियमसाठीं उघडीं असतात त्यांतूनच शिसें रक्तांत येतें, रक्तावाटे मेंदू आणि मूत्रपिंडें यांपर्यंत पोंचतें, आणि अखेरीस हाडांत जाऊन बसतें. रक्तांतील शिसें सुमारें एका महिन्यांत निम्म्यावर येतें. हाडांतील मात्र दहा, वीस, तीस वर्षें ठाण मांडून असतें. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत जितकें शिसें असतें त्याचा शेंकडा ९० हून अधिक भाग हाडांतच असतो. हाडें झिजूं लागलीं म्हणजे तें पुन्हां रक्तांत उतरतें. वार्धक्यांत हें घडतें, दीर्घ अंथरुणांत घडतें, आणि गर्भारपणांत व बाळ अंगावर पीत असतांनाहि घडतें; कारण मुलाच्या हाडांसाठीं आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतें आणि त्याबरोबर शिसेंहि निघतें. नाळ त्याला अडवूं शकत नाहीं. आईनें आपल्या बालपणीं खाल्लेली धूळ अशा रीतीनें पंचवीस वर्षांनीं तिच्या मुलापर्यंत पोंचते.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत ‘दूषीविष’ म्हणून एक प्रकार वर्णिला आहे. जें विष जुनें झालें किंवा औषधानें अर्धवट दबलें, आणि मनुष्यास तत्काळ मारण्याइतकें बळ ज्याच्या अंगीं उरलें नाहीं, तें शरीरांत वर्षानुवर्षें दडून राहतें व देश, काल, अन्न प्रतिकूल झालें म्हणजे डोकें वर काढतें, असा त्याचा आशय. सुश्रुताला हाडांतील शिसें ठाऊक होतें, असें म्हणण्याचा मोह आमच्यापैकीं कांहीं मंडळींना होईल. आम्हांस तो होत नाहीं. शिशाला उद्देशून त्यानें हें लिहिलेलें नाहीं. परंतु विष म्हटलें कीं तें घटकेंत मारणारेंच असलें पाहिजे, ही समजूत आपल्या पूर्वजांची नव्हती, इतकें त्यावरून खास दिसतें.

आतां मुलांचें पाहूं. मोठ्या माणसाच्या पोटांत गेलेल्या शिशापैकीं दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडें अधिक रक्तांत उतरतें. लहान मुलाच्या पोटांतून निम्में उतरूं शकतें, आणि पोट रिकामें असलें किंवा आहारांत लोह व कॅल्शियम कमी असलें तर अधिकच. मुलाचा मेंदू अजून घडत असतो, त्यामुळें तेथें झालेली हानि भरून निघत नाहीं. बाहेरून मात्र फारसें कांहीं दिसत नाहीं. ताप नाहीं, पुरळ नाहीं. मूल चिडचिडें होतें, त्याचें लक्ष ठरत नाहीं, काल केलेलें पाठांतर आज आठवत नाहीं, रक्त कमी भरतें. अशा मुलाला ‘ढ’ ठरवून मागच्या बांकावर बसविण्याची चाल आपल्या शाळांतून फार जुनी आहे. त्याच्या रक्तांत काय आहे, हें कोणी पाहिलें आहे?

किती शिसें चालेल, ह्याविषयींचें मत शास्त्रज्ञांनीं वारंवार बदललें, आणि प्रत्येक वेळीं तें खालींच आलें. एक डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर, अर्ध्या-पाऊण वाटीइतकें रक्त. तेवढ्यांत ६० मायक्रोग्राम शिसें आढळलें तरी १९६० च्या सुमारास अमेरिकेंत चालवून घेत. (मायक्रोग्राम म्हणजे ग्रामचा दहा लक्षावा भाग.) १९९१ मध्यें ही मर्यादा १० वर आली, २०१२ मध्यें ५ वर, आणि २०२१ पासून ती ३.५ आहे. जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें असें कीं, मुलांना निर्धोक म्हणावी अशी शिशाची कोणतीच पातळी ठाऊक नाहीं. युनिसेफनें एका संस्थेच्या साहाय्यानें २०२० सालीं जो अहवाल काढला त्यांतील अंदाजाप्रमाणें, ज्यांच्या रक्तांत ५ मायक्रोग्रामहून अधिक शिसें आहे अशीं मुलें जगांत सुमारें ८० कोटी असून त्यांपैकीं सुमारें साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतांत आहेत. एवढ्या मोठ्या आंकड्यांत आपलें घर नसेलच, असें धरून चालण्यास आम्हांस कांहीं आधार दिसत नाहीं.

आम्ही राहतों त्या नाहूरचेंच उदाहरण घेऊं. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधोमध हें गांव. रेल्वेचें स्टेशन झालें तेंहि २००६ सालीं. पूर्वेस मिठागरें, आणि पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्ग, ज्याला जुनीं माणसें अजूनहि आग्रा रोडच म्हणतात. ह्या रस्त्याच्या दोहों बाजूंस एके काळीं कारखान्यांची रांग होती. आतां बहुतेक ठिकाणीं उंच इमारती व बाजार झाले आहेत. त्या काळीं येथून धांवणाऱ्या मोटारींच्या पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मुद्दाम मिसळलेलें असे, एवढ्यासाठीं कीं एंजिनानें ठोके देऊं नयेत. तें शिसें धुरावाटे बाहेर पडून रस्त्याच्या कडेच्या मातींत, खिडक्यांच्या चौकटींवर आणि मुलांच्या हातांवर बसे. ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं मुंबईच्या निरनिराळ्या उपनगरांतील मुलांचें रक्त आणि तेथील हवा हीं दोन्ही तपासलीं, तेव्हां हवेंत शिसें जेथें अधिक तेथें मुलांच्या रक्तांतहि तें अधिक असल्याचें दिसून आलें. बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशननें १९९७ ते १९९९ या काळांत मुंबई धरून देशांतील मोठमोठ्या शहरांत हजारों जणांचें रक्त तपासलें. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांत शिसें १० मायक्रोग्रामच्या वर निघालें.

१९९५ मध्यें मुंबईसह चार महानगरांत शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें आणि २००० सालीं सर्व देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें. जगांतील अगदीं शेवटचा देश अल्जीरिया. त्यानें २०२१ मध्यें तें सोडलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मुलांच्या रक्तांतील शिसें ह्यामुळें देशोदेशीं उतरलें, आणि तें उतरविण्यासाठीं कोणाला एक थेंबहि औषध प्यावें लागलें नाहीं. जेथून तें येत होतें तें दार बंद केलें, इतकेंच. व्याख्यानांत थेंबांची किंमत सांगितली गेली असेल. दाराचा उल्लेख झाला नसावा.

मग आतां कोणतीं दारें उघडीं आहेत?

जुना तैलरंग हें एक. घराला द्यावयाच्या रंगांत दहा लाख भागांमागें ९० भागांहून अधिक शिसें असतां कामा नये, असा नियम आपल्या सरकारनें २०१६ सालीं केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्यापूर्वीं दिलेले हात दारांखिडक्यांवर तसेच आहेत. मुलुंड-भांडुपकडे आज एक गल्ली अशी नाहीं कीं जेथें जुनी इमारत पाडून नवी उठत नाहीं. ती पाडतांना उडणारी धूळ, आणि दिवाळीच्या तोंडावर खिडक्यांचे गज कोरडेच खरवडतांना उडणारी धूळ, ह्या दोन्हींत शिसें असूं शकतें. रंग खरवडणें झालेंच तर पृष्ठभाग ओला करून खरवडावा, रांगतें मूल व गर्भवती स्त्री यांस त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावें, आणि खोली झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. झाडल्यानें धूळ नुसती जागा बदलते. घरांतील कोणी जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या, शिसें वितळविण्याच्या किंवा डाख देण्याच्या कामावर असेल तर त्यानें अंगावरचे कपडे बदलून मगच मुलाला उचलून घ्यावें.

दुसरें दार स्वयंपाकघरांत आहे, आणि येथें आम्ही थोडें अधिक रेंगाळणार आहों. स्टेनलेस स्टीलच्या कंटाळ्यानें म्हणा किंवा जुन्याच्या हौसेनें म्हणा, अलीकडे सुशिक्षित घरांत पितळेचीं पातेलीं पुन्हां आलीं आहेत. हौस चांगली आहे. आमटी, सार, ताक असा आंबट पदार्थ उघड्या पितळेंत कळकतो, म्हणून भांड्याला कल्हई लागते, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप. भांडें तापवून नवसागर टाकायचा, कथील फिरवायचें, कापसाच्या बोळ्यानें पुसून घ्यायचें. गल्लींत पोरांचा घोळका जमायचा आणि बघतां बघतां काळें भांडें चांदीसारखें व्हायचें. शुद्ध कथील निरुपद्रवी. पण कथील महाग, शिसें स्वस्त. शिवाय कथील २३२ अंशांस वितळतें, तर शिशाशीं योग्य प्रमाणांत मिसळलेलें कथील १८३ अंशांसच. म्हणजे मिश्रण वापरण्यांत पैसा वांचतो आणि कोळसाहि वांचतो. आपला कल्हईवाला लुच्चा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बाजारांत जी कांब मिळेल ती तो आणतो, आणि तिच्यांत काय आहे तें त्यालाहि ठाऊक नसतें. पण अशी कल्हई केलेल्या पातेल्यांत चिंचेचें सार उकळलें तर तें शिसें सारांत उतरतें.

आमच्या जुन्या रसग्रंथकारांना ही भेसळ चांगली माहीत होती. शिशाला ते नाग म्हणत व कथलाला वंग, आणि या दोहोंना मिळून ‘पूतिलोह’ असें फारसें गौरवाचें नसलेलें नांव त्यांनीं दिलें. रसरत्नसमुच्चयांत वंगाचे खुरक आणि मिश्रक असे दोन भेद करून मिश्रक हितकर नाहीं असें सांगितलें आहे. कसोटीहि अवघड नाहीं. शुद्ध कथलाची कांब कानाशीं धरून वांकविली तर बारीक करकर असा आवाज होतो. शिसें मुकाट्यानें वांकतें. शिशाची कांब पांढऱ्या कागदावर ओढली तर करडी रेघ उमटते; कथलाची सहसा उमटत नाहीं. ह्या कसोट्यांनीं निव्वळ शिसें ओळखूं येईल, पण थोडी भेसळ ओळखूं येईलच असें नाहीं. म्हणून खात्रीच्या दुकानांतून शुद्ध कथील स्वतः आणून कल्हईवाल्याच्या हातीं द्यावें. तें जमत नसेल तर पितळेचीं भांडीं पाण्यासाठीं व शोभेसाठीं ठेवावीं आणि आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यांत करावे. भंगार वितळवून ओतलेलीं स्वस्त अॅल्युमिनियमचीं भांडीं तर घेऊंच नयेत. त्यांतहि शिसें सांपडलें आहे.

शेंदुराविषयीं एक शब्द. अमरकोशांत शेंदुराला ‘नागसंभव’ असें नांव आहे, म्हणजे शिशापासून झालेला. मारुतीच्या मूर्तीवर चढतो तो जुना खरा शेंदूर शिशाचाच. देवाला त्याची बाधा नाहीं. पण तें बोट मुलाच्या कपाळाला लागतें, कपाळावरून हाताला आणि हातावरून तोंडांत जातें. हळकुंडाला चुना वगैरेंचे संस्कार करून घडविलेलें कुंकूं ही निराळी वस्तु होय; बाजारांतील भडक तांबड्या पुडींत काय असेल तें पुडीच जाणे. डोळ्यांत घालावयाचा सुरमाहि पुष्कळदां शिशाच्या खनिजाचा असतो. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत तो घालण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं. येथें एक भीति काढून टाकूं. शिसपेन्सिलींत शिसें नसतें. तें ग्राफाइट म्हणजे एक प्रकारचा कोळसा असतो. पेन्सिल चावणाऱ्या मुलास दटावावें, पण ह्या कारणासाठीं नव्हे. भीतीच धरायची तर वरच्या रंगाची धरावी.

हळदीची गोष्ट बांगलादेशांतली आहे, पण ऐकण्यासारखी आहे. पुरानें भिजून निस्तेज झालेलीं हळकुंडें उजळ दिसावींत म्हणून तेथील कांहीं व्यापारी शिसें व क्रोमियम यांचा पिवळाधमक रंग त्यांना चोळूं लागले. गर्भवती स्त्रियांच्या रक्तांत शिसें कोठून येतें, याचा शोध घेत शास्त्रज्ञ शेवटीं त्यांच्या हळदीच्या डब्यापर्यंत पोंचले. २०१९ सालीं हें प्रसिद्ध झाल्यावर तेथील सरकारनें घाऊक बाजारांत छापे घातले, दंड केले, वर्तमानपत्रांतून लोकांना सावध केलें. त्या वर्षीं बाजारांतील हळदीच्या शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें निघालें होतें. २०२१ मध्यें एकाहि नमुन्यांत निघालें नाहीं. दोन वर्षांत! आपल्याकडे ज्या गृहिणी सांगलीकडचीं हळकुंडें आणून घरीं दळवितात त्यांनीं ती पद्धत सोडूं नये. हळकुंड अस्वाभाविक पिवळें असून हाताला रंग लागत असेल तर तें परत करावें.

तिसऱ्या दाराविषयीं लिहितांना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण तें आमच्या प्रिय शास्त्रांतून उघडतें. आमच्याच इमारतींतील एक स्नेही, साठी ओलांडलेले, मधुमेही. कोणा फिरत्या विक्याकडून ‘साखर मुळापासून घालविणाऱ्या’ पुड्या ते आठ महिने घेत होते. साखर किती उतरली तें देव जाणे. पण पोटांत कळा येऊं लागल्या, शौचास साफ होईना, चेहरा पांढुरका पडला. पोटाच्या साऱ्या तपासण्या झाल्या, कशांतच कांहीं निघेना. शेवटीं रुग्णालयांतील एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, “आजोबा, आमच्या गोळ्यांशिवाय आणखी कांहीं घेतां का?” आजोबा गप्प. तेव्हां त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, “अहो, सांगा ना त्यांना त्या पुड्यांचें!” रक्त तपासलें, तों शिसें कैक पटींनीं अधिक. पुडी तपासली, तींतहि तेंच. त्याच पुडींतली चिमूटभर मधांतून नातवाला द्यावी, भूक सुधारेल, असा विचार घरांत चालला होता. तो अमलांत आला नाहीं हें त्या मुलाचें नशीब.

मागाहून त्या माउलीनें आम्हांस विचारलें, “मास्तर, मग आयुर्वेदाचें औषध म्हणजे विषच म्हणायचें का?” असें आम्ही म्हणणार नाहीं. काष्ठौषधि वेगळी, रसौषधि वेगळी. ज्या ग्रंथांत नागभस्म सांगितलें आहे त्याच ग्रंथांत अशुद्ध नागाचे दुष्परिणामहि सांगितले आहेत, आणि शोधन, मारण, मात्रा, पथ्य यांचे नियमहि घालून दिले आहेत. नांवगांव नसलेली पुडी रस्त्यावर विकणारा मनुष्य ह्यांपैकीं काय पाळतो? पण येथेंच थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अग्नीनें काष्ठ जळून जातें. मूलद्रव्य जळत नाहीं, तें रूप पालटतें. शिशाचें भस्म झालें तरी त्यांतील शिसें शिसेंच असतें. अमेरिकेंत बोस्टनच्या आसपास भारतीय दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकीं १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल आढळल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. २००८ मध्यें पुन्हां १९३ औषधें तपासलीं, तेव्हांहि प्रमाण पांचव्या हिश्श्याइतकेंच राहिलें. आपल्या सरकारनेंहि २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांस ह्या धातूंची तपासणी आवश्यक केली. परदेशीं जाणाऱ्या औषधाला जी काळजी, ती घरच्या माणसांच्या औषधाला का नसावी, हें कोडें आम्हांस उलगडलेलें नाहीं. आमचें स्वतःचें मत असें कीं, मुलांना, गर्भवतींना आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना कोणतेंहि धातुघटित औषध देऊंच नये. इतरांनीं घेतलें तर नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीनें, नांवाचें लेबल असलेलें, मुदत ठरवून घ्यावें, आणि डॉक्टरांपासून तें लपवूं नये.

आतां आंत गेलेलें शिसें बाहेर काढण्याचें पाहूं. काढणारीं औषधें खरोखर आहेत. त्यांतील पहिलें दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज शास्त्रज्ञांनीं सोमलाच्या विषारी वायूवर उतारा म्हणून शोधलें. पुढें ईडीटीए व सक्सिमर हीं आलीं. तीं धातूला पकडून लघवीवाटे बाहेर नेतात. आमच्या स्नेह्यांना रुग्णालयांत राहून असेंच औषध घ्यावें लागलें. रक्तांतील शिसें झपाट्यानें उतरलें, आणि औषध थांबल्यावर कांहीं दिवसांनीं पुन्हां वर चढलें. कारण हाडांतील सांठ्यानें रिकामी जागा भरून काढली. असे फेरे त्यांना तीन करावे लागले. हीं औषधें बरोबर चांगले धातुहि ओढून नेतात. अमेरिकेंत २००३ ते २००५ या काळांत अशा उपचारांत रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं खालीं जाऊन तीन जण दगावले. त्यांत दोन मुलें होतीं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें लहान मुलांच्या बाबतींत ४५ मायक्रोग्राम किंवा त्याहून अधिक शिसें असल्यासच हीं औषधें सुचविलीं आहेत. त्याखालीं काय? अमेरिकेंत २० ते ४४ मायक्रोग्राम शिसें असलेल्या ७८० बालकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना सक्सिमर दिलें, निम्म्यांना नुसत्या औषधासारख्या दिसणाऱ्या गोळ्या. औषधानें रक्तांतील शिसें उतरलें. पण तीन वर्षांनीं बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हां दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों होतों.

थेंबांविषयीं निराळें लिहिण्याची आतां जरूर नाहीं. पट्टी काळी पडते ती ओलाव्यानें. वाफेवर धरली तरीहि ती काळी पडेल. केसांच्या तपासणीवर किंवा आधीं औषध पाजून मग केलेल्या लघवीच्या तपासणीवर पैसे घालवूं नयेत. औषधानें ओढून काढल्यावर कोणाच्याहि लघवींत धातु अधिक दिसणारच. खरी तपासणी शिरेंतून काढलेल्या रक्ताची. प्रयोगशाळेंत ‘ब्लड लेड’ असें सांगितलें म्हणजे त्यांना कळतें. बोट टोंचून घेतलेल्या रक्तांत बोटावरचीच धूळ मिसळूं शकते, म्हणून तसा आंकडा अधिक आला तर शिरेच्या रक्तानें खात्री करून घ्यावी. आंकडा ५ किंवा त्यावर आला तर घरांतील दार कोणतें तें शोधावें, तें बंद करावें, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतरानें रक्त पुन्हां तपासून आंकडा उतरतो आहे ना तें पाहावें.

सुनेला तपासणीची गरज आहे का, तें तिच्या डॉक्टरीणबाई ठरवितील. घरांत रंगकाम, बॅटरीचें काम किंवा पुड्या यांपैकीं कांहीं असेल तर त्यांना आपण होऊन सांगावें. तिच्या ताटांत दूध, नाचणी, तीळ, पालेभाजी, उसळी व वर लिंबू असूं द्यावें. डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चुकवूं नयेत. कॅल्शियम पुरेसें असलें म्हणजे हाडें कमी झिजतात आणि नव्या शिशालाहि दार सहजीं सांपडत नाहीं. मुलांनीं उपाशीं पोटीं खेळायला जाऊं नये आणि जेवण्यापूर्वीं हात साबणानें धुवावेत. हें आपल्या आज्या सांगतच असत.

इतर धातूंचें थोडक्यांत. सोमलाचें मोठें संकट बंगालकडच्या कूपनलिकांचें आहे. कॅडमियम तंबाखूच्या धुरांतून येतें, हें ओढणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें. पारा जपानांत मिनामाटा येथें कारखान्याच्या सांडपाण्यांतून समुद्रांत, समुद्रांतून माशांत आणि माशांतून माणसांत गेला; १९५६ सालीं तो रोग उघडकीस आला. मोठ्या शिकारी माशांत पारा अधिक सांचतो, म्हणून गर्भारपणांत मुशीसारखे मासे टाळून तारली-बांगड्यासारखे लहान मासे खावेत. आमच्या सारस्वत वाचकांनीं एवढ्यावर समाधान मानावें. घरांत जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर केरसुणी लावूं नये. पाऱ्याचे गोळे आणखी फुटतात व त्याची वाफ श्वासांत जाते. खिडक्या उघडाव्या, मुलांना बाहेर न्यावें, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनीं गोळे गोळा करून झांकणाच्या बाटलींत घालावे व झांकण घट्ट लावावें. ती बाटली मोरींत किंवा केरांत न टाकतां घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

पुढील अंकीं, दोन वाचकांच्या आग्रहावरून, मुलांच्या उच्चारशुद्धीविषयीं.